दगडफूल पाळताना

माझ्या हातून मेलेलं पहिलं दगडफूल काचेच्या बरणीत मेलं, आणि तेही बारा दिवसांत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात घुसलं, त्यात माहेरच्या परसातला म्हातारा आंबा अर्धा झाला. मी दिवाळीनंतर गेले तेव्हाही मोडलेल्या फांद्या कुंपणाला टेकून पडलेल्या होत्या. त्यांच्या सालीवर राखाडी-हिरवट गोल चकत्या होत्या, जुन्या रुपयाएवढ्या, कडेला नक्षी कातरल्यासारख्या. "अगं, ती झाडाची खरूज कुठे घेऊन चाललीस?" आई म्हणाली. तरी मी वीत-वीतभराचे दोन तुकडे पुण्याला आणलेच. एक तुकडा मोठ्या बरणीत ठेवला. खाली ओलं कोकोपीट, वर घट्ट झाकण, सगळं टेरारियमचे व्हिडिओ बघून. दुसऱ्याला घरात जागा नव्हती म्हणून तो बाल्कनीच्या कठड्याला सुतळीने बांधला आणि विसरून गेले. बरणीतला बाराव्या दिवशी तपकिरी, बुळबुळीत झाला. झाकण काढलं तर कुबट वास. कठड्यावरचा आजही जिवंत आहे.

असं का झालं ते समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. दगडफूल, म्हणजे लायकेन, शोभेसाठी ठेवावं असं वाटणारे लोक आता वाढलेत. बोन्सायच्या खोडावर हवं असतं, बागेतल्या दगडावर हवं असतं, खिडकीतल्या ऑर्किडशेजारच्या फांदीवर हवं असतं. आणि बहुतेकांची सुरुवात माझ्यासारखीच बरणीने होते.

एका घरातले दोघे (किंवा तिघे)

गोड्या मसाल्यात जे काळपट, पापुद्र्यासारखं दगडफूल पडतं तेच हे. तेलात परतल्याशिवाय त्याला वास येत नाही, आणि परतल्यावर त्याच्याशिवाय मसाल्याला तो वास येत नाही. तमिळनाडूत चेट्टिनाड स्वयंपाकात त्यालाच कल्पासी म्हणतात. नावात फूल असलं तरी ते फूल नाही, दगडाचंही नाही (मसाल्यातलं बरंचसं झाडाच्या सालीवरून खरवडलेलं असतं), आणि खरं तर वनस्पतीही नाही. मराठी शास्त्रीय लिखाणात त्याला शैवाक म्हणतात. शैवालातलं अर्धं आणि कवकातलं अर्धं घेऊन केलेला हा शब्द मला फार आवडतो, कारण वस्तूही तशीच आहे.

कवक म्हणजे बुरशीच्या कुळातला जीव. त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. शैवालाला येतं, पण उघड्या सालीवर, कडक उन्हात ते एकटं सहसा टिकत नाही. लायकेनमध्ये कवक घर बांधतं: वर दाट छप्पर, खाली मोकळ्या धाग्यांची कापसासारखी पोकळी, तळाला धरून ठेवणारे बारीक दोरे. छपराच्या लगेच खाली, उजेड पोचेल अशा ठिकाणी शैवालाच्या पेशींचा पातळ थर बसवलेला असतो. शैवाल उन्हावर साखर तयार करतं, आणि तिचा मोठा वाटा घरमालक घेतो. काही लायकेनमध्ये शैवालाच्या जागी नॉस्टॉकसारखे निळे-हिरवे जिवाणू असतात.

एकाच शरीरात दोन जीव आहेत हे स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ झिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये सांगितलं तेव्हा त्या काळातल्या लायकेन-तज्ज्ञांना ते अजिबात पटलं नाही. पुढे १८७७ मध्ये आल्बर्ट फ्रांक यांनी अशा एकत्र राहण्यासाठी एक नवा शब्द घडवला, आणि 'सिम्बायोसिस' म्हणजे सहजीवन ही कल्पना तिथून रुजली. आज ती शाळेच्या पुस्तकात आहे. तिचा जन्म दगडफुलापायी झाला. गोष्ट तिथे संपली नाही. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही लायकेनच्या छपरात एक तिसराच भाडेकरू, यीस्टसारखं आणखी एक कवक, राहताना दाखवलं. म्हणजे लग्न म्हणावं तर ते एकत्र कुटुंब निघालं.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची बाब अशी की तळाचे ते दोरे मुळं नाहीत. ते फक्त धरतात, शोषत नाहीत. त्यामुळे आईची 'खरूज' झाडाचं काही खात नाही. कोकणात सुपारी-नारळाच्या खोडावरचे पांढरे-करडे डाग पाहून लोक घाबरतात आणि खोड खरवडतात. आजारी झाडावर लायकेन जास्त दिसतं हे खरं, पण कारण उलटं आहे: पानं गळाली की फांद्यांवर उजेड पडतो आणि लायकेनचं फावतं.

दुकान कधी उघडायचं

आता बरणीकडे वळू, कारण सगळं मर्म तिथेच आहे.

लायकेनला मुळं नाहीत तशीच पाणी आत कोंडून ठेवायची सोयही नाही. ते टिपकागदासारखं असतं. पाऊस, दव, धुकं, जे मिळेल त्याने ओलं होतं, आणि ऊन-वारा लागला की तेवढ्याच लवकर कडकडीत वाळतं. वाळलं की त्याचं सगळं काम थांबतं. अन्न करणं थांबतं, श्वसनही जवळजवळ थांबतं. मेलेलं नसतं; दुकानाचं शटर खाली ओढलेलं असतं. पुन्हा पाणी लागलं की काही मिनिटांत शटर वर.

जमाखर्च मांडून पाहा. ओलं आणि उजेडात असेल तर कमाई चालू. ओलं आणि अंधारात असेल तर फक्त खर्च, कारण श्वसन चालूच राहतं आणि साठवलेली साखर जळत राहते. कोरडं असेल तर ना कमाई ना खर्च. त्यात तापमानाची भर घाला: उकाडा जितका जास्त तितकं श्वसन वेगाने, म्हणजे उकाड्याच्या ओल्या रात्री सगळ्यात महाग. माझी बरणी चोवीस तास ओली होती, दिवाणखान्यातल्या शेल्फवर होती, उजेड बेताचा होता. दुकान दिवसरात्र उघडं आणि गिऱ्हाईक एक नाही. बारा दिवसांत दिवाळं निघालं, आणि मग साध्या बुरशीने ताबा घेतला.

अति पाण्याचं आणखी एक गणित आहे. लायकेन चिंब भिजलं की आतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरतात आणि शैवालाला लागणारा कार्बन डायऑक्साइड तिथपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे उजेड आहे, पाणी आहे, तरी कमाई मंद. नुसतं ओलसर असतं तेव्हा ते सर्वांत चांगलं चालतं.

उलट बाजूनेही चूक होते, आणि ती मी दुसऱ्या वर्षी केली. दर तासाला जरा-जरासा फवारा मारायचा. उन्हाळ्यात तो पाच मिनिटांत वाळायचा. पण शटर उघडायलाही खर्च येतो. कोरडं लायकेन भिजतं त्या क्षणी त्यातून थोडी साखर पाण्याबरोबर बाहेर झिरपते आणि श्वसनाची एक जोरदार उसळी येते. तो खर्च भरून निघायला पुढे उजेडात काही वेळ ओलं राहायला हवं. पाच मिनिटांत बंद होणारं दुकान रोज तोट्यात.

ओट्टो लांगे या जर्मन शास्त्रज्ञाने हे सगळं इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात मोजून दाखवलं. तिथल्या लायकेनवर रात्री दव पडतं. रात्र थंड असल्यामुळे श्वसनाचा खर्च कमी. पहाट होताच कमाई सुरू होते, सूर्य वर चढला की ते वाळतं, आणि मग पुढच्या रात्रीपर्यंत झोप. दिवसाकाठी थोडाच वेळ काम, त्यावर आयुष्य. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी बाल्कनीत नेमकं हेच घडतं, आणि माझ्या फांदीचा रंग वर्षभरात तेव्हाच सर्वांत ताजा असतो.

महाबळेश्वरला झाडांवरून उस्निया नावाचं दाढीसारखं लायकेन लोंबतं आणि मुंबईत का नाही, याचं अर्धं उत्तरही इथेच आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. रात्र गार, सकाळी धुकं. मुंबईची पावसाळ्यातली रात्र ओली आणि उबदार. उष्ण प्रदेशात सखल भागात पसरट, पानांसारखी मोठी लायकेन कमी आणि डोंगरावर जास्त, हे जगभर दिसतं. उरलेलं अर्धं उत्तर धुराचं, त्याकडे पुढे येऊ.

तर मग करायचं काय? सकाळी, उजेड नीट आला की फवारा. ओलसर होईल इतकाच, टपटप गळेल इतका नाही. एक-दोन तास ओलं राहावं आणि दुपारच्या आत वाळून खडखडीत व्हावं. संध्याकाळी कधीही नाही. मी ऑक्टोबर ते मे आठवड्यातून तीनदा हे करते, थंडीत दव पडत असेल तर तेवढंही नाही. पावसाळ्यात एकदाही नाही. उलट तेव्हा फांदी आडवी असेल तर उभी करते, म्हणजे पाणी साचत नाही, आणि दोन सरींच्या मध्ये वारा लागेल अशा कडेला सरकवते. भर पावसात झाडावरचं लायकेन तरतं ते याच वाऱ्यामुळे.

एक सूट: निळ्या-हिरव्या जिवाणूंवर जगणारी लायकेन, भिजल्यावर काळपट-जेलीसारखी होतात ती, नुसत्या दमट हवेने जागी होत नाहीत. त्यांना खरोखरचं पाणी लागतं. हिरव्या शैवालवाली मात्र हवेतल्या ओलाव्यावरही शटर उघडतात. आपलं कुठलं आहे ते बोटभर पाणी लावून कळतं: लगेच हिरवं झालं तर हिरव्या शैवालाचं.

आता या हिरवं होण्याबद्दल एक सावधगिरी. ओलं झालं की कवकाचं छप्पर पारदर्शक होतं आणि खालचं शैवाल दिसायला लागतं. ही नुसती काचेसारखी करामत आहे. मसाल्याच्या डब्यातलं दगडफूलही पाण्यात टाकलं की थोडं हिरवटेल. त्यावरून ते जगेल असं नाही. घरच्या तापमानाला महिनोन् महिने कोरडं पडलेलं लायकेन बहुतेक वेळा आतून संपलेलं असतं, तेव्हा किराणा दुकानातून सुरुवात करू नका.

पाणी कसलं, जागा कुठली

लायकेन पाण्यात जे विरघळलेलं असेल ते सगळं पिऊन घेतं. नको ते गाळून टाकायला त्याच्याकडे मुळं नाहीत, आणि नको ते झाडून टाकायला पानगळ नाही. म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. ते नसेल तर आरओचं शुद्ध पाणी चालतं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं खारट पाणी, जे आपण काटकसर म्हणून कुंड्यांना घालतो, ते अजिबात नको. बोअरवेलचं जड पाणी वाळलं की पांढरी पूड मागे ठेवतं. ती पूड लायकेनच्या छपरावर बसते.

तांब्याच्या कळशीतलं पाणी माणसाला चांगलं असेल, शैवालाला ते विष आहे. जुन्या इमारतींच्या छपरावर तांब्याची पट्टी असली की तिच्याखाली पाणी ओघळतं तेवढ्या भागात लायकेन उगवत नाही, स्वच्छ पट्टा दिसतो. जस्ताचंही तसंच. बागायतदार सुपारीवर बोर्डो मिश्रण मारतात ते कोळेरोगासाठी, पण त्यातल्या मोरचुदाने खोडावरचं लायकेनही जातं. म्हणून शेजारच्या गुलाबावर बुरशीनाशक मारताना फांदी आत न्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मी वापरत नाही, ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं.

खत? नको. थोडंही नको. व्हर्नन अहमदजियान या अमेरिकी शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत कवक आणि शैवाल वेगळे वाढवून त्यांना पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न वर्षानुवर्षं केला. भरपूर अन्न असलेल्या पोषक माध्यमावर दोघे आपापले मजेत वाढत, एकमेकांकडे बघतही नसत. उपाशी ठेवलं आणि ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असे हाल केले तेव्हाच त्यांनी मिळून लायकेनचा आकार धरला. १९६६ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. पोटभर मिळालं की संसार मोडतो, असं हे एकमेव घर असावं. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतही लायकेनचा अभ्यास आणि प्रयोगशाळेतलं संवर्धन बरीच वर्षं चाललं आहे, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा ही त्यातली ठळक नावं. पण काचेच्या नळीतून बाल्कनीत येईल असं रोप तिथून कुणाला मिळत नाही, आणि बी पेरून लायकेन उगवणं घरी शक्य नाही, कारण कवकाच्या बीजाणूला आपलं शैवाल कुठूनतरी गाठावं लागतं.

जागेबद्दल: पूर्वेची बाल्कनी सोन्यासारखी. सकाळचं ऊन, दुपारी सावली, वारा खेळता. कोरडं असताना कडक ऊन लागलं तरी बिघडत नाही. ओलं असताना भर दुपारचं ऊन लागलं तर ते उकडून निघतं. घराच्या आत, खिडकीपासून दूर, सुंदर दिसतं म्हणून टीव्हीच्या शेजारी ठेवायचा मोह होतो. चार दिवस ठेवा, कोरडं ठेवा, पाहुणे गेले की परत बाहेर.

आणायचं कुठून, चिकटवायचं कसं

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नाही, तो कायदा आहे. आणि जिवंत झाडावरून खरवडून तर कुठूनच नको: तळहाताएवढं लायकेन व्हायला दशकं लागलेली असू शकतात. वादळात, छाटणीत पडलेल्या फांद्या पुष्कळ मिळतात. जमिनीवर पडलेलं लायकेन तसंही मरणारच असतं, कारण पाचोळ्यात ते बरणीसारखं कायम ओलं राहतं.

आपल्याच भागात, आपल्याच उंचीवर वाढतं तेच घ्या. आंबोलीच्या घाटातली दाढी ठाण्यात लावायचा हट्ट धरू नका. शहरात आंब्याच्या, नारळाच्या, गुलमोहराच्या खोडावर चपटं, करडं, घट्ट चिकटलेलं जे दिसतं त्यात पिक्सिन कोकोज नावाचं लायकेन वरचेवर सापडतं. ते धूर बऱ्यापैकी सोसतं, आणि नवशिक्याला तेच बरं. माझ्या फांदीवरचं बहुधा हेच आहे.

फांदीसकट ठेवलं तर चिकटवायचा प्रश्न येत नाही. बोन्सायच्या खोडावर किंवा दगडावर बसवायचं असेल तर लायकेनची स्वतःची युक्ती वापरायची. बऱ्याच जातींच्या पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी किंवा बारीक बोटांसारखे कोंब असतात. त्या भुकटीच्या प्रत्येक कणात शैवालाच्या थोड्या पेशी कवकाच्या धाग्यांत गुंडाळलेल्या असतात: नवरा-बायको आणि भांडीकुंडी एकाच बोचक्यात बांधून निघालेली. कोरड्या लायकेनचे छोटे तुकडे करायचे, ते खरखरीत सालीच्या भेगांत बसवायचे, वरून जखमेवर बांधतो तशी विरळ सुती जाळीची पट्टी बांधायची आणि वाट बघायची. सालीवरचं सालीवर, दगडावरचं दगडावर. तेही शक्यतो तसल्याच सालीवर. गुळगुळीत आणि दरवर्षी सोलून पडणारी साल, पेरूसारखी, उपयोगाची नाही. पट्टी सहा महिने तरी सोडायची नाही. डिंक, फेव्हिकॉल नको: तळ गुदमरतो.

इंटरनेटवरचा लाडका सल्ला म्हणजे दगडाला दही किंवा ताक फासा, म्हणजे लायकेन येईल. इंग्लंडमधल्या बागवाल्यांकडून तो आला आहे. तिकडे नवा दगड जुनाट दिसावा म्हणून दही, शेण, भाताची पेज, काहीही फासतात. माझं मत असं की यातून पटकन येतं ते हिरवं शेवाळ आणि काळी बुरशी. दगड जुना दिसतो, एवढा हेतू साधतो. लायकेन मात्र वाऱ्यावर येणाऱ्या भुकटीतून आपलं आपण येतं. पुण्यात एका मैत्रिणीने बागेतल्या जांभ्या दगडांना ताक फासलं, त्या आठवड्यात घरात मुंग्यांच्या रांगा होत्या. जांभा काही न करता पाच-सात पावसाळे बाहेर ठेवा, तो आपला आपण रंगतो.

पाळलेल्या लायकेनला शत्रू म्हणाल तर पावसाळ्यातल्या गोगलगायी. रात्री येतात आणि छप्पर खरवडून खातात. सकाळी पांढरट चरे दिसतात. हाताने उचलून दूर सोडा, मीठ टाकू नका.

किती वाढलं?

हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारू नये. दगडाला पापुद्र्यासारखी चिकटलेली लायकेन वर्षाला साधारण एक मिलिमीटरच्याही आत वाढतात, पानांसारखी पसरट असतात ती काही मिलिमीटर. ही चाल इतकी संथ आणि जिथल्या तिथे इतकी नियमित असते की ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास तिचं घड्याळ केलं: डोंगरातल्या दगडावर रायझोकार्पॉन नावाच्या पिवळ्या-हिरव्या लायकेनचा व्यास मोजायचा आणि हिमनदी तो दगड सोडून मागे कधी सरकली ते काढायचं.

त्याच रायझोकार्पॉनला २००५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने फोटॉन-एम२ यानाबाहेर, थेट अवकाशात, सुमारे १५ दिवस उघडं ठेवलं. निर्वात पोकळी, अतिनील किरण, सगळं सोसून ते परत आलं आणि पाणी मिळताच कामाला लागलं. अर्थात तिथे ते कोरडं होतं. त्याचाच एक भाऊबंद माझ्या बरणीत बारा दिवस काढू शकला नाही, हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली.

मोजायचंच असेल तर वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. आणि कोरडं असताना काढा. ओलं लायकेन फुगून मोठं दिसतं. माझी पहिल्या वर्षीची 'चार मिलिमीटर वाढ' त्यातलीच होती.

मे महिन्यात महिनाभर गावाला जाणाऱ्यांनी मात्र लायकेनच पाळावं. कुणाला चावी द्यायला नको, कुणाला पाणी घालायला सांगायला नको. उलट, पाणी घालू नका म्हणून सांगून जा.

हवा

१८६६ मध्ये विल्यम न्यूलांडर या फिनिश शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन मोजली आणि शहरात इतरत्र ती दिसेनाशी झाली आहेत हे नोंदवून ठेवलं. हवा किती स्वच्छ आहे ते ही मंडळी सांगतात असं त्याने म्हटलं. (गंमत म्हणजे श्वेंडेनरचं दोन जीवांचं म्हणणं या न्यूलांडरने मरेपर्यंत मानलं नाही.) कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड लायकेनच्या ओल्या अंगात विरघळतो आणि शैवालाचं हरितद्रव्य नासवतो. कडा पांढुरक्या किंवा गुलाबी-तपकिरी पडू लागल्या, मधूनच भोकं पडली, तर आधी पाण्याचं वेळापत्रक तपासा आणि ते ठीक असेल तर हवेकडे बघा. सिग्नलवर तोंड असलेल्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दाढीवाली उस्निया ठेवणं म्हणजे तिला शिक्षा. तिथे पिक्सिनवर समाधान मानावं. आणि रस्त्याकडेच्या झाडावरचं दगडफूल मसाल्यात टाकू नये, कारण हवेतले शिसे-जस्तासारखे धातू ते धरून ठेवतं.

राहिली ती ऑफिसातली हिरवी भिंत. हिंजवडी असो की बीकेसी, रिसेप्शनच्या मागे फुगीर, स्पंजासारख्या हिरव्या गोळ्यांची भिंत दिसते; तिला 'मॉस वॉल' म्हणतात. ते मॉस नाही, बहुतेक वेळा क्लॅडोनिया स्टेलारिस हे लायकेन असतं, नॉर्वे-फिनलंडच्या थंड जंगलातून काढलेलं. त्याच्याच नात्यातली लायकेन तिकडे रेनडिअरचं हिवाळ्यातलं खाणं. ग्लिसरीनसारख्या द्रव्यात मुरवून, रंगवून ते मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे ते मेलेलं आहे. ते हवा शुद्ध करत नाही, ऑक्सिजन देत नाही, विक्रेता काहीही म्हणो. त्याला पाणी मारायचं नाही, ऊन लावायचं नाही. एसीच्या कोरड्या हवेत ते कडक झालं तर एसी बंद करून हवेतला ओलावा येऊ द्यावा, पुन्हा मऊ पडतं; कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत खिडकी उघडी ठेवली तर मात्र चिकट होऊन रंग सोडू शकतं. शोभा म्हणून ठीक आहे. तिची काळजी घ्यायची ती सोफ्याच्या कापडासारखी.

माझ्या फांदीचं आता वेगळंच दुखणं आहे. लायकेन ठणठणीत, पण मेलेल्या फांदीची साल सुटायला लागली आहे, आणि साल पडली की घरच पडलं. म्हणून यंदा ऑक्टोबरात मी तिच्यावरचे नखाएवढे काही तुकडे काढून सोसायटीच्या आवारातल्या आंब्यावर, पूर्वेच्या बाजूला, छातीइतक्या उंचीवर बसवले आणि वर सुती पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनकाका त्या खोडापुढे उभे होते. "मॅडम," ते म्हणाले, "झाडाला लागलंय का काही?"